पुढून बसलेली गाडी

गाडी पुढून बसली, हे मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. उतार इतक्या सावकाश येतो की रोज पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. दिसतो तो परक्याला. मामांच्या एमजीचं दुखणं पहिल्यांदा बोलून दाखवलं ते क्रांती चौकात सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने. "काका, गाडी उजवीकडं कललीय तुमची," एवढं म्हणून तो निघून गेला. मामांनी घरी येऊन गाडी फाटकासमोर उभी केली, रस्ता ओलांडून पलीकडून पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

पुढचे काही दिवस जो येईल तो निदान सांगून जात होता. कुणी म्हणे स्प्रिंगा मेल्या, कुणी म्हणे शॉकअप गेले, एकाने तर चासीच वाकल्याचं जाहीर केलं. उपायही सगळ्यांकडे तयार होते. रबर टाका, स्प्रिंगा ताणून घ्या, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या बसवा. यातल्या एकानेही गाडीला टेप लावला नव्हता. माझी सगळी नोकरी वाळूजमध्ये तपासणी विभागात गेली. मोजल्याशिवाय तिथे कुठलाच भाग नापास करता येत नाही आणि पासही करता येत नाही. जुन्या गाडीशी आलो की मात्र आपण ही शिस्त सोडून देतो. बसलेल्या गाडीचं कारण डोळ्याने सापडत नाही, मापाने सापडतं; आणि ते बहुधा एकटं नसतं. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण घाईच्या निदानापायी चांगल्या गाड्या कायमच्या बिघडलेल्या मी याच शहरात पाहिल्या आहेत.

आधी गाडीची ओळख करून द्यायला हवी. ती 1952 सालची एमजी टीडी आहे. उघडी, दोघांपुरती, लांब नाकाची, 1250 सीसीच्या इंजिनाची. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात 1949च्या अखेरीपासून 1953पर्यंत अशा जवळजवळ 30 हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. आपल्याकडे आल्या त्या मोजक्या. 1953मध्ये सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना गाड्या इथेच बनवायच्या आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपलं जुळणीचं काम आवरतं घेतलं. परदेशी गाडी दुर्मीळ झाली, तिचे सुटे भाग त्याहून दुर्मीळ. तेव्हापासून या देशातली प्रत्येक जुनी स्पोर्ट्स कार कुणा ना कुणा मिस्त्रीच्या हिकमतीवर जगलेली आहे. मामांनी ही गाडी मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली, तेव्हाच तिच्यातले कितीतरी बोल्ट मूळचे नव्हते.

टीडीच्या आधीच्या टीसीला पुढे बैलगाडीसारखा दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस होता आणि त्याला पाटे. टीडीत पुढचं प्रत्येक चाक कॉइल स्प्रिंगवर स्वतंत्रपणे हलू लागलं. ही रचना अॅलेक इसिगोनिस यांची. पुढे 1959मध्ये ज्यांची मिनी जगभर गाजली तेच हे. त्यांनी आखलेली ही मांडणी एमजीच्या वाय मॉडेलवर 1947मध्ये आली. मग टीडी, टीएफ, एमजीए, एमजीबी असं करत, बारीकसारीक फरक सोडले तर, 1980मध्ये अॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत ती टिकली. 2023मध्ये अहमदाबादच्या एका कुटुंबाने 'लाल परी' नावाची 1950 सालची एमजी वायटी रस्त्याने चालवत थेट अॅबिंग्डनला नेली. तिच्या पुढच्या चाकांमागेही हीच मांडणी आहे. म्हणजे खोट रचनेत शोधायची नव्हती.

रचना समजून घेतली की अर्धं निदान तिथेच होतं. खाली दोन आर्म आहेत. ते चासीच्या बाजूला बुशांवर हलतात आणि बाहेरच्या टोकाला एकत्र येऊन चाक धरतात. या दोन आर्मच्या मध्ये चार बोल्टांनी धरलेली एक लोखंडी वाटी असते. वाटीत स्प्रिंग उभी राहते आणि तिचं वरचं टोक क्रॉस मेंबरमध्ये बसतं. वरचा आर्म निराळा नाहीच. शॉकअपचे दोन हात बाहेर आलेले असतात, तेच वरच्या आर्मचं काम करतात. स्प्रिंग उभी असते ती चाकाखाली नव्हे, तर आर्मच्या साधारण मधोमध. ही मधोमधची जागा लक्षात ठेवायची. स्प्रिंगपाशी अर्धा इंच कमी झाला तर चाकापाशी तो जवळजवळ एक इंच होऊन दिसतो. भाराचंही तसंच. ही गाडी साधारण नऊशे किलोची, पुढच्या एका चाकावर दोनशेच्या वर थोडा भार. पण स्प्रिंग सोसते चारशेहून अधिक.

मोंढा नाक्याच्या मागच्या बाजूला ज्यांच्या शेडमध्ये आम्ही गाडी नेली त्या उस्तादांचं सगळं आयुष्य अँबॅसिडरखाली गेलं आहे. अँबॅसिडरला पुढे कॉइल स्प्रिंग नसे, टॉर्शन बार असे. एक लांब पोलादी दांडा, एका टोकाला घट्ट धरलेला, दुसऱ्या टोकाला आर्मबरोबर पिळला जाणारा. गाडी बसली की बार दात्यांवर एक घर फिरवून उंची परत आणता येई. मराठवाड्यातल्या किती तरी सरकारी गाड्या अशा चढवून चढवून चालवल्या गेल्या. उस्तादांनी एमजीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साब, बार होता तो मैं अब्बी चढा देता. इसमें बारइच नै. इसकू तो नापना पडता." कॉइल स्प्रिंगला चढवण्याची सोय नाही, हीच तिची चांगली बाजू. दुखणं झाकता येत नाही.

मापायचं कसं, यातच बहुतेक लोक चुकतात. शेडची फरशी सपाट दिसत होती, पण उस्तादांनी गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी खडूने भिंतीवर आणि खांबांवर टिपली. उजव्या पुढच्या चाकाची फरशी डाव्यापेक्षा सुताभराने खाली निघाली. तिथे पत्र्याचा तुकडा टाकला. मग चारही टायरांची हवा. पुढच्या दोन चाकांत पाच पौंडांचा फरक असेल तर गाडी कललेली दिसणारच, आणि हा दोष स्प्रिंगेच्या माथी मारला जातो. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही, हे तिसरं. चाकं हवेत लोंबताना आत ओढली जातात आणि खाली टेकल्यावर टायर फरशीला धरून राहतो, त्यामुळे गाडी काही वेळ खोटीच उंच दिसते. तिला चार-सहा फूट पुढे-मागे ढकलायचं, पुढचा बंपर दाबून सोडायचा, तिला स्वतःहून बसू द्यायचं. मग टेप.

आणि टेप मडगार्डला लावायचा नाही. सत्तर वर्षांत मडगार्ड किती वेळा ठोकून सरळ केलं असेल कोण जाणे. टीडीची बॉडी लाकडी सांगाड्यावर उभी आहे आणि लाकूड आपल्या उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात फुगतं. खरं माप चासीचं. आम्ही खालच्या आर्मचा आतला बोल्ट फरशीपासून किती उंच आहे आणि बाहेरचा किती, हे दोन्ही बाजूंना घेतलं. उस्तादांचा पोऱ्या आकडे शेडच्या दारावर खडूने लिहीत होता. चासी उजवीकडे सव्वा इंच खाली होती. चासी वाकल्याचं जाहीर करणाऱ्या गृहस्थांना उत्तर मिळालं तेही इथेच. चासीवर ठरावीक ठिकाणी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके दोन धागे ताणले, ते सारखे भरले. चासी सरळ होती.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती करायला एक जॅक पुरतो आणि तरीही ती फारसं कुणी करत नाही. गाडी पुढून उजवीकडे कलली असली तरी दोष पुढच्या स्प्रिंगेचाच असेल असं नाही. मागच्या उजव्या बाजूचे पाटे थकलेले असले तरी चासी तिरपी होते आणि तो तिरपेपणा पुढे दिसतो. टेबलाचा एक पाय आखूड असला की डगमग समोरच्या पायात जाणवते, हे तर आपण सगळे जाणतो. तर क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्यावर जॅक लावायचा आणि पुढची चाकं जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचलायची. आता पुढच्या स्प्रिंगांचा गाडीच्या कलण्याशी संबंध उरला नाही. पुढे ती एकाच बिंदूवर उभी आहे, तिला कुठेही झुकायची मुभा आहे. झुकली तर ते मागच्या पाट्यांमुळे. गाडी सरळ झाली तर दोष पुढचा, तशीच कललेली राहिली तर दोष मागचा.

गाडी सरळ झाली, पण पूर्ण नाही. पाव इंचाच्या आतला एक उतार उजवीकडे राहून गेला. उस्ताद मान वाकडी करून दारावरच्या आकड्यांकडे पाहत राहिले. मामांनी विचारलं, "म्हणजे काय समजायचं आम्ही?" मी म्हटलं, "मामा, एक इंच पुढचा, पाव इंच मागचा. दोन्हीकडे बघावं लागणार."

लोक शॉकअपला दोष देतात, त्याबद्दल या शहरातल्या माणसाने तरी नीट बोललं पाहिजे. 1985मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. एन्ड्युरन्स इथेच वाढली. दुचाकींचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनवणारी देशातली ही मोठी कंपनी, तिचं मुख्यालय आजही वाळूजला आहे. घरटी एखादा माणूस त्या उद्योगात असलेल्या शहरात 'शॉकअप गेले म्हणून गाडी बसली' हे वाक्य ऐकू यावं, याचं मला वाईट वाटतं. चारचाकीचा साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन धरतच नाही. वजन धरते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगेला शांत करण्याचं. खड्ड्यातून गेल्यावर ती पुन्हा पुन्हा उसळू नये एवढंच. शॉकअपमधलं सगळं तेल गळून गेलं तरी उभ्या गाडीची उंची तशीच राहील. हलताना ती झुलेल, ही निराळी गोष्ट. गॅस भरलेले नव्या पद्धतीचे शॉकअप थोडासा रेटा देतात, पण टीडीचे हाताचे शॉकअप तसे नव्हेत. बंपर दाबून सोडल्यावर मामांची गाडी एकदा वर येऊन थांबत होती. शॉकअप चांगले होते. ते बदलले असते तर पैसेही गेले असते आणि गाडी कललेलीच राहिली असती.

आता स्प्रिंग. 'स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडते' हे इतक्या वेळा म्हटलं जातं की ते खरंच वाटतं. ते तसं नाही. रॉबर्ट हूक यांनी 1678मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: भार दुप्पट केला तर स्प्रिंगेचं दबणं दुप्पट. हे प्रमाण म्हणजेच स्प्रिंगेचा कडकपणा, आणि तो ठरतो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा जात्याच असलेला ताठपणा या चार गोष्टींवर. यातली एकही गोष्ट नुसत्या वयाने बदलत नाही. पोलाद सत्तर वर्षांनीही जवळपास तेवढंच ताठ असतं. बदलते ती स्प्रिंगेची उंची. खोल खड्ड्यात ती पार दाबली गेली, तिच्यातल्या पोलादाने आपली मर्यादा थोडी ओलांडली, की ती परत येताना केसभर आखूड राहते. शिवाय वर्षानुवर्षं भार घेऊन उभं राहण्यातही ती सावकाश थोडी उतरते. चांगले कारखाने म्हणूनच नवी स्प्रिंग पूर्ण दाबून तिचं हे आखूड होणं आधीच उरकून घेतात आणि मगच तिची उंची मोजतात. बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग घट्ट करतात, तो तडा लवकर जाऊ नये म्हणून.

म्हणजे बसलेली स्प्रिंग तेवढीच कडक असते, फक्त खालून काम करते. खाली आल्यामुळे आर्म आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांच्यातलं अंतर कमी होतं. छोट्या खड्ड्यातही आर्म ठोकळ्याला लागतो आणि हादरा सरळ अंगात येतो. त्यामुळेच बसलेली गाडी चालवणारा एकाच वेळी दोन तक्रारी करतो: स्प्रिंग मऊ झाली, आणि गाडी फार आदळते. दोन्ही तक्रारी एकाच उतरलेल्या उंचीच्या. चाकाचा वरचा भाग आत झुकतो, टायर आतल्या कडेने झिजतो, दिव्यांचा झोत रस्त्यावर जवळ पडतो. मामांच्या उजव्या टायरची आतली कड बोटाला गुळगुळीत लागत होती.

कडकपणा खरोखर कमी होण्याची एकच सामान्य वाट आहे, ती म्हणजे गंज. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. 12 मिमीची तार गंजून साडेअकरा झाली तर कडकपणा सुमारे 16 टक्क्यांनी उतरतो. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसतसुद्धा नाही.

स्प्रिंग काढताना उस्तादांनी सगळ्यांना लांब उभं केलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, कधी जीव. गाडी घोड्यांवर घेतली, वाटीच्या चार बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन काढून त्यांच्या जागी लांब आट्यांचे दोन दांडे घातले, मग उरलेले दोन बोल्ट काढले. वाटी आता त्या दोन दांड्यांवर होती. दोन्हीकडचे नट आळीपाळीने, थोडे थोडे, सैल करत वाटी खाली आणायची. पाना फिरत होता तोपर्यंत शेडमध्ये कुणी बोललं नाही. शेवटी स्प्रिंग वाटीत सैल उभी राहिली तेव्हा उस्तादांनी पोऱ्याला हाक मारली, "हौ, अब चाय बोल."

चहा येईपर्यंत मी वाटी पाहत होतो. तिच्या तळाला काळ्या मातीचा गोळा दगडासारखा घट्ट होऊन बसला होता. स्प्रिंगेचा शेवटचा वेढा त्या मातीत गाडलेला, त्यावर गंजाचे पापुद्रे. टोकरून काढल्यावर वेढ्याखाली वाटीचा पत्राही खड्डा पडेपर्यंत खाल्लेला दिसला. डाव्या वाटीत इतकी माती नव्हती. मराठवाड्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. रस्ते इथे वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखे होतात याचं एक मोठं कारण हेच, खालची जमीनच हलते. फुलंब्री-सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता रुंदीकरणासाठी खणलेला असताना ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मामा त्या काळातही ही गाडी घेऊन अजिंठ्याला गेलेले आहेत. माती तिथलीच, असा माझा दावा नाही, पण पावसात उडालेला चिखल वाटीत साठतो, सुकतो, पुढच्या पावसाचं पाणी धरून ठेवतो. वाटीच्या तळाला पाणी जायला भोक असतं, ते बुजलेलं होतं. पावसाळ्यानंतर ते एका सळईने मोकळं करायला दोन मिनिटं लागतात.

दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या तेव्हा उजवी आखूड दिसली, पण मोकळी उंची पाहून निर्णय करायचा नसतो. गाडीखाली स्प्रिंग मोकळी कधीच नसते. भाराखालची उंची लागते. वाळूजला एका ओळखीच्या कारखान्यात स्प्रिंग तपासायचं यंत्र आहे. वर दाब देणारी पट्टी, खाली भार दाखवणारा काटा, बाजूला उंचीची मोजपट्टी. सुट्टीच्या दिवशी त्यांनी ते आम्हाला वापरू दिलं. सारख्या भाराखाली उजवी स्प्रिंग डावीपेक्षा अर्धा इंच आखूड निघाली. अर्धा इंच स्प्रिंगपाशी, एक इंच चाकापाशी. शेडच्या दारावरचा आकडा जुळला. मग प्रत्येक पुढच्या अर्ध्या इंचाला किती भार वाढतो तेही पाहिलं. दोन्हींना सारखाच. गंज शेवटच्या, टेकलेल्या वेढ्यावर होता, काम करणाऱ्या वेढ्यांवर नव्हता, म्हणून कडकपणा शाबूत होता. स्प्रिंग मऊ झालीच नव्हती. मामा काट्याकडे पाहत उभे होते. म्हणाले, "इतकी वर्षं एकटाच चालवत आलो, माझंच वजन उजवीकडे." कारण तेही असणार. उजवीकडे बसणारा चालक, बरोबर कुणी नाही, हे वर्षानुवर्षं. बुजलेलं भोक आणि खाल्लेली वाटी, हेही त्याच बाजूला.

मागचे पाटे उतरवल्यावर उरलेला पाव इंच सापडला. उजवीकडच्या दुसऱ्या पाट्याला मधल्या बोल्टपाशी तडा गेला होता. वरून धूळ आणि ग्रीस, तडा झाकलेला. पाटा त्याच दिवशी बदलला.

इथे रबराबद्दल बोलायलाच हवं. स्प्रिंगेच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी ठोकळे आज कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. गाडी लगेच उंच दिसते, मालक खूश होतो. पण ठोकळा दोन वेढ्यांना एकमेकांशी जखडतो. ते वेढे काम करायचे थांबतात आणि त्यांच्या वाटणीचं पिळणं उरलेल्या वेढ्यांवर येतं. स्प्रिंग अचानक कडक होते, हादरे चासीत जातात, आणि ठोकळ्याच्या कडेला पाणी व वाळू धरून तार नेमकी तिथेच खाल्ली जाते. स्प्रिंगा ठोकळ्याशेजारी तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. स्प्रिंग भट्टीत तापवून ताणणं त्याहून वाईट. ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा नेमकं तापवल्यावर पोलादाला जो गुण आलेला असतो तो अंदाजे लाल केलेल्या भट्टीत जातो. अशी स्प्रिंग काही महिन्यांत पुन्हा बसते. मला विचाराल तर हे दोन्ही उपाय दुरुस्तीत मोडतच नाहीत. गाडी विकायची असेल तेव्हा ते केले जातात.

आम्ही दोन्ही स्प्रिंगा नव्या बनवून घेतल्या, फक्त उजवी नव्हे. एक नवी आणि एक जुनी म्हणजे पुन्हा दोन उंची. स्प्रिंग बनवणाऱ्याला मोकळी उंची सांगून भागत नाही. तारेची जाडी, वेढ्याचा बाहेरचा व्यास, वेढे किती, टोकं घासलेली की नाही, आणि या भाराखाली इतकी उंची, हे सगळं कागदावर द्यावं लागतं. वाटीचा खाल्लेला पत्रा नव्याने केला. बसवताना उस्तादांनी एक गोष्ट आवर्जून केली, ती पुष्कळ ठिकाणी होत नाही. आर्मचे बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी घोड्यांवर असताना आवळलेच नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, मग खाली सरपटत जाऊन आवळले. हवेत लोंबणाऱ्या आर्मवर बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत धरलं जातं आणि गाडी उतरल्यावर कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं, आणि तोवर उंचीही खोटी दाखवतं.

पुन्हा नळी, पुन्हा हवा, पुन्हा टेप. दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरचा फरक राहिला. मामा आत बसल्यावर तो तीनचा झाला. उस्तादांनी दारावरच्या जुन्या आकड्यांखाली नवे आकडे लिहिले आणि तारीख टाकली. मग चाकांची अलाइनमेंट केली, कारण उंची बदलली की चाकांचा कोन बदलतोच. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून पुन्हा एकदा मोजलं आणि दिव्यांचा झोत नीट केला.

आपल्याकडे अशी जुनी गाडी असेल, एमजी असो की पद्मिनी, तर ती सरळ उभी असतानाच एकदा सपाट जागी तिची चारही कोपऱ्यांची उंची मोजून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे कधी ती बसली तर तुलनेला आकडा हाताशी राहील. आणि काढलेली जुनी स्प्रिंग भंगारात देऊ नका. तिच्यावर गाडी, बाजू, तारीख आणि भाराखालची उंची लिहिलेली चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी स्प्रिंग बनवणाऱ्याला नमुना म्हणून तीच लागणार आहे, आणि इथल्या भंगाराच्या जालन्याच्या भट्ट्यांत सळ्या होतात.